कोयना किती रिकामी ठेवायची?

कृष्णाकाठी महापूर ओसरला की घरातला गाळ निघण्याआधीच आरोपीचा शोध सुरू होतो. २००५ साली तो झाला, २०१९ साली झाला, २०२१ साली पुन्हा झाला. एका पक्षाच्या मते सगळा दोष अलमट्टीचा: कर्नाटकाने धरण भरून ठेवले, तुंबलेल्या पाण्याचा फुगवटा मागे सरकला आणि सांगली बुडाली. दुसरा पक्ष म्हणतो की कोयनेच्या अधिकाऱ्यांनी जुलैतच धरण भरत आणले, ऐन पावसात जागा उरली नाही आणि दरवाजे उचलावे लागले. तिसरा पक्ष बहुधा शासकीय असतो. तो पावसाचे मिलिमीटर पुढे करतो आणि निसर्गापुढे कोणाचे चालते, असे विचारतो. तिघांच्याही म्हणण्यात थोडे थोडे तथ्य आहे. तरीही वाद दर वेळी त्याच जागी येऊन थांबतो, कारण तिघेही पुरानंतरचा प्रश्न विचारत असतात. पुराच्या आधीचा प्रश्न असा आहे की जुलैच्या अखेरीस कोयनेत किती टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) जागा रिकामी ठेवायची, त्याची किंमत किती आणि ती कोणी मोजायची. तो जाहीरपणे कोणी विचारत नाही.

माझे म्हणणे असे की हा आकडा ठरवणे हे निव्वळ तांत्रिक काम नाही. अभियंता त्या आकड्याचे परिणाम मोजू शकतो, संगणक ते शेकडो पावसाळ्यांवर तपासून देऊ शकतो. परंतु वीज, शेती, पिण्याचे पाणी आणि पुरापासून संरक्षण यांपैकी कोणाला किती झुकते माप द्यायचे, हा मूल्यांचा आणि म्हणूनच राजकारणाचा प्रश्न आहे. तो पावसाळ्याआधी, उघडपणे आणि आकड्यासकट सोडवला पाहिजे. आज तो सुटतच नाही असे नव्हे. जलाशय परिचालन आराखड्यातल्या तारीखवार साठ्याच्या तक्त्यात तो दर वर्षी निमूटपणे सुटलेला असतो. फक्त ज्यांच्या अंगणात पाणी येते आणि ज्यांच्या कालव्यात येत नाही, त्या दोघांनाही तो कधी विचारलेला नसतो.

कोयनेला मालक एक असला तरी धनी अनेक आहेत, ही गोष्ट आधी नीट पाहिली पाहिजे. धरणाची साठवण १०५.२५ टीएमसी. त्यातले पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला, कोकणात सोडले जाते आणि जवळजवळ पाचशे मीटर खाली पडताना वीज निर्माण करते. पुढे कोळकेवाडीला ते पुन्हा अडवून तिसऱ्या टप्प्यात आणखी वीज मिळते आणि मग अवजल, म्हणजे वीज काढून झालेले पाणी, वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. प्रकल्पाची एकूण स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे, आणि तिचे मोल केवळ युनिटांत नाही: संध्याकाळी मागणी एकदम चढते तेव्हा काही मिनिटांत सुरू होणारी वीज राज्याला मुख्यतः हीच मिळते. तेच पाणी पूर्वेला सोडले तर पायथा वीजगृहात त्यातून थोडीशीच वीज निघते, पण कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते आणि पुढे टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांच्या पंपांपर्यंत ते पोहोचते. गंमत अशी की पश्चिमेला पडताना जे पाणी वीज देते, तेच पूर्वेला खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जतच्या माळांवर चढवताना वीज खाते. म्हणजे पूर्वेला वळवलेला प्रत्येक टीएमसी वीज खात्याच्या वहीत दोनदा खर्ची पडतो. पण आटपाडीच्या शेतकऱ्याला ही वही दाखवून काय उपयोग? तो तीन पिढ्या पाण्याची वाट पाहत होता.

या सगळ्या धन्यांना एका बाबतीत मात्र एकमत परवडते: धरण भरलेले असावे. वीज, शेती, पिण्याचे पाणी, तिघांनाही भरलेले धरण हवे. पुरापासून संरक्षण मागणारा एकटाच असा आहे की ज्याला धरणात पाणी नको, जागा हवी. भरलेल्या धरणाचे जलपूजन होते, मंत्री नारळ अर्पण करतात, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. रिकाम्या जागेचे पूजन आजवर कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

ही रिकामी जागा नेमकी किती उपयोगाची, याचा हिशेब कागदावर करण्यासारखा आहे. एक लाख क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफुटांचा, प्रवाह चोवीस तास चालला तर ८.६४ टीएमसी पाणी होते. समजा, धरणात दीड लाख क्युसेक येवा, म्हणजे आत येणारे पाणी, आहे आणि खालच्या गावांना न बुडवता पन्नास हजार सोडता येतात. मग दर दिवशी ८.६४ टीएमसी आत अडवावे लागेल. दहा टीएमसी जागा असेल तर ती अठ्ठावीस तासांत संपते. पंचवीस टीएमसी असेल तर जेमतेम तीन दिवस मिळतात. आता दुसरी बाजू. उंचीचा आणि पाण्याच्या वजनाचा ढोबळ हिशेब केला तर पश्चिमेला सोडलेल्या एका टीएमसीतून सगळे टप्पे मिळून सुमारे चार कोटी युनिट वीज मिळते. म्हणून पंचवीस टीएमसी जागा १ ऑगस्टला रिकामी ठेवली आणि पुढे पावसाने ओढ दिली, तर त्या वर्षी सुमारे शंभर कोटी युनिट वीज किंवा तितक्या पाण्याची शेती गेली. तीन दिवसांची उसंत एका पारड्यात आणि शंभर कोटी युनिटांची जोखीम दुसऱ्यात: खरा वाद हा आहे. तो अलमट्टीपाशीही नाही आणि पावसाच्या मिलिमीटरपाशीही नाही.

अनेक उद्दिष्टे एकमेकांच्या आड येतात तेव्हा ‘सर्वोत्तम’ हा शब्दच फसवा ठरतो, ही गोष्ट इटालियन अर्थतज्ज्ञ विल्फ्रेदो पारेतो यांच्या नावाने शंभराहून अधिक वर्षे शिकवली जाते. काही योजना उघडच वाईट असतात. तेवढ्याच पाण्यात पूरही कमी करता येईल आणि वीजही जास्त मिळेल अशी दुसरी योजना दाखवता येते. अशा योजना गाळून टाकणे हे गणिताचे काम, आणि ते गणिताने चोख करावे. गाळणीत उरतात त्या योजनांमध्ये मात्र एका उद्दिष्टाचे नुकसान केल्याशिवाय दुसऱ्याचा फायदा वाढवता येत नाही. त्या रांगेतली कोणती योजना निवडायची हे गणित सांगू शकत नाही, कारण रांगेतली प्रत्येक योजना आपापल्या परीने सर्वोत्तमच असते. इथे गणित संपते आणि निवड सुरू होते. आपल्याकडचा घोटाळा असा की गाळणीचे काम पुरेसे होत नाही आणि निवडीचे काम गणिताच्या नावावर खपवले जाते.

आता प्रतिपक्षाचे सर्वांत सबळ मुद्दे घेऊ. अलमट्टीचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. नदीच्या खालच्या अंगाला मोठा जलाशय भरलेला असेल तर वरच्या पाण्याचा निचरा मंदावतो, हे जलशास्त्राला धरून आहे. फुगवटा किती मागे येतो हा मापनाचा प्रश्न आहे आणि त्यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने अलमट्टीला पुराचे कारण मानले नाही. पण कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० साली अलमट्टीची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याची मुभा दिल्यानंतर महाराष्ट्राला वाटणारी धास्ती काल्पनिक म्हणून बाजूला सारता येत नाही. मात्र एवढे सगळे मान्य केले तरी काय सिद्ध होते? अलमट्टीचा वाटा कितीही धरा. कोयना, वारणा, धोम, कण्हेर, राधानगरी, दूधगंगा ही धरणे आपल्या ताब्यात आहेत आणि त्यांच्यातल्या रिकाम्या जागेचा निर्णय बंगळुरूत होत नाही. जे आपल्या हातात नाही त्यावर सगळी ऊर्जा खर्च करायची आणि जे हातात आहे त्याविषयी मौन पाळायचे, हे राजकीयदृष्ट्या सोयीचे असेल, पण युक्तिवाद म्हणून लंगडे आहे.

दुसरा मुद्दा अधिक अवघड आहे, आणि तो बहुतेक वेळा धरणावर प्रत्यक्ष काम केलेली माणसे मांडतात. ती म्हणतात: तुम्हाला पुरानंतर शहाणपण सुचते, आम्हाला जुलैत निर्णय घ्यावा लागतो, आणि तेव्हा ऑगस्टचा पाऊस कोणालाच माहीत नसतो. धरण रिकामे ठेवले आणि पाऊस आला नाही, तर फेब्रुवारीत आमच्या दारात मोर्चा येईल. हे शंभर टक्के खरे आहे. २०२३ साली पावसाने ओढ दिली, कोयना पूर्ण भरली नाही, आणि सांगलीकडे सोडायच्या पाण्यावरून सातारा-सांगलीत किती ताणाताणी झाली हे फार जुने नाही. ज्या सांगलीकरांनी २०१९ मध्ये धरण भरले म्हणून शिव्या घातल्या, तेच चार वर्षांनी पाणी का सोडत नाही म्हणून विचारत होते, आणि दोन्ही वेळा त्यांचे म्हणणे रास्तच होते.

परंतु याच मुद्द्याचा नीट विचार केला तर तो माझ्याच बाजूने उभा राहतो. अनिश्चितता आहे म्हणूनच तर निर्णय एका अधिकाऱ्याच्या अंदाजावर सोडता कामा नये. त्याच्या खुर्चीत बसून पाहा. धरण भरले नाही तर दोष निःसंशय त्याचा, कारण साठ्याचा आकडा रोज वर्तमानपत्रात छापून येतो. पूर आला तर दोष वाटून घ्यायला पाऊस आहे, अतिक्रमणे आहेत, अलमट्टी आहे. अशा स्थितीत कोणताही शहाणा माणूस धरण लवकर भरण्याकडेच झुकेल; त्यात भ्रष्टाचार नाही, बेफिकिरीही नाही, शिक्षेची रचनाच तशी आहे. व्यक्तीला दोष देऊन ही रचना बदलत नाही. रिकाम्या जागेचा आकडा वरून, जाहीरपणे, जबाबदारीसह ठरवून दिला तर आणि तरच तो अधिकारी निर्धास्तपणे पाणी सोडू शकेल.

कोणी म्हणेल की धोरण तर आधीच आहे. आहेच. राष्ट्रीय जलनीतीने असे स्पष्ट म्हटले होते की अति पूरप्रवण भागात जलाशयांचे नियमन करताना, सिंचन आणि विजेचा काही लाभ सोडावा लागला तरी, पूरनियंत्रणाला सर्वोपरी स्थान द्यावे. वाक्य उत्तम आहे. पण ‘काही लाभ’ म्हणजे किती? दोन टीएमसी की वीस? हा आकडा ज्या क्षणी गाळला त्या क्षणी ते वाक्य कोणालाच बांधील राहिले नाही. याच्या उलट उदाहरण आपल्याच खोऱ्यात आहे. कृष्णेचे पाणी राज्यांमध्ये वाटून देणाऱ्या पहिल्या, बच्छावत लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्यात कोयनेतून पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. वीज चांगली की शेती चांगली, यावर लवादाने प्रवचन दिले नाही. एक आकडा दिला. तो बरोबर की चूक यावर पन्नास वर्षे वाद घालता येतो, आणि घातलाही जातो, पण १ जूनला कोयनेचे तांत्रिक वर्ष सुरू झाले की पश्चिमेला गेलेल्या प्रत्येक टीएमसीची नोंद त्या आकड्याशी ताडून पाहिली जाते. त्याच लवादाने खोऱ्यातले पाणी ७५ टक्के विश्वासार्हतेने, म्हणजे चारपैकी तीन वर्षे तरी मिळेल अशा हिशेबाने वाटले. पुढच्या, २०१० च्या लवादाने ६५ टक्क्यांचे माप घेतले. चौथ्या वर्षाचे दुःख किती सोसायचे, हा त्या दोन आकड्यांमधला फरक आहे, आणि कोणत्याही समीकरणातून तो आपोआप निघत नाही. जलविभाजनाबाबत जे धैर्य लवादाने दाखवले, ते पुराबाबत आपण का दाखवत नाही?

आता नव्या पिढीचा मुद्दा. तो असा की माणसांना यात आणूच नका; उपग्रह, पर्जन्यमापक, नदीतल्या प्रवाहाचे संगणकीय प्रारूप आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या हाती दरवाजे द्या, म्हणजे सर्वोत्तम विसर्ग निघेल. प्रारूपांविषयी माझे प्रतिकूल मत नाही. ती हवीत, आणि आज आहेत त्याहून अधिक हवीत. पण संगणकाला ‘सर्वोत्तम’ शोधायला सांगण्यापूर्वी कोणीतरी त्याला सांगावे लागते की एक युनिट वीज, एक एकर ऊस आणि शिरोळमधले एक बुडालेले घर यांची परस्परांतली किंमत काय. ही वजने कार्यक्रम लिहिणारा भरतो. पुराचे वजन थोडे वाढवले की उत्तर वेगळे, थोडे कमी केले की वेगळे. आणि पडद्यावर उत्तर उमटते तेव्हा वजने दिसत नाहीत, फक्त दशांश चिन्हांसह एक विसर्ग दिसतो, ज्याच्याशी वाद घालण्याची कोणाची छाती होत नाही. सगळे रुपयांत मोजू म्हटले तर आणखी एक गोम आहे. बाजारपेठेतल्या दुकानाचे नुकसान लाखांत भरते, नदीकाठच्या पत्र्याच्या खोलीचे हजारांत. मग रुपयांची बेरीज करणारे यंत्र कोणाला वाचवेल हे सांगायला हवे का? आणि २०१९ मध्ये ब्रह्मनाळला बोट उलटून गेलेल्या जिवांचा आकडा त्या बेरजेच्या कोणत्या रकान्यात लिहायचा? गेल्या शतकाच्या मध्याला हार्वर्ड विद्यापीठात अभियंते, अर्थतज्ज्ञ आणि राज्यशास्त्रज्ञ यांनी एकत्र बसून नदीखोऱ्यांच्या नियोजनाचे गणित उभे केले, तेव्हाच त्यांच्यातल्या काहींनी बजावले होते की अनेक उद्दिष्टांची एकच बेरीज करू नका. देवाणघेवाणीचे पर्याय लोकप्रतिनिधींपुढे ठेवा आणि निवड त्यांना करू द्या. साठ वर्षांत संगणक लाखो पटींनी वेगवान झाले, हा इशारा मात्र जुना झालेला नाही.

यंत्राच्या हाती दरवाजे देण्याचा एक प्रयोग कोल्हापूरकर अनेक वर्षे पाहत आहेत, आणि तोही संगणकाविना. राजर्षी शाहू महाराजांच्या दूरदृष्टीतून उभ्या राहिलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात. रचना म्हणून ती अप्रतिम आहे. मात्र त्या दरवाजांना एकच उद्दिष्ट ठाऊक आहे: धरण सुरक्षित राहावे. पंचगंगेला त्या क्षणी पूर आहे की नाही, राजाराम बंधाऱ्यावर पाणी धोक्याच्या पातळीच्या वर आहे की खाली, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. यंत्र ज्या उद्दिष्टासाठी घडवले तेवढे ते निष्ठेने पाळते, आणि जे सांगितलेच नाही ते त्याला दिसत नाही.

शिवाय एकेका धरणाचे सर्वोत्तम परिचालन केले म्हणजे खोऱ्याचे सर्वोत्तम झाले, असेही नाही. कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते, सांगलीच्या उशाला हरिपूरला वारणा येते, खाली नृसिंहवाडीला पंचगंगा येते. कोयनेचा दरवाजा उचलला म्हणून सांगलीत आयर्विन पुलाखाली लगेच पाणी चढत नाही. वाटेत वेळ जातो. कोयनेचे पाणी आणि वारणेचे पाणी हरिपूरला एकाच वेळी पोहोचले तर सांगलीचे हाल वेगळे, काही तासांच्या अंतराने पोहोचले तर वेगळे. दोन्ही धरणांच्या अभियंत्यांनी आपापल्या जागी अगदी योग्य निर्णय घेऊनही खाली पूर येऊ शकतो. त्यात धरणांखालच्या मुक्त पाणलोट क्षेत्रात पडणारा पाऊस कोणाच्याच दरवाजाला जुमानत नाही. म्हणूनच कोयनेत दहा टीएमसी जागा ठेवली असती तर सांगली बुडालीच नसती, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. ती जागा पुराच्या चढत्या काळातच भरून गेली आणि शिखर आले तेव्हा काही उरले नाही, असेही होऊ शकते. जागा किती, एवढाच प्रश्न नाही. ती कधी वापरायची हाही आहे. हे मान्य करूनही मी जागेची मागणी करतो, कारण जागाच नसेल तर ‘कधी’ हा प्रश्नच उरत नाही.

पुराचे पाणी कोकणात सोडून द्या, ही अधूनमधून डोके वर काढणारी सूचनाही याच ठिकाणी निकालात काढू. बोगद्यातून आणि यंत्रांतून जाणाऱ्या पाण्याला मर्यादा असते. आणि सह्याद्रीवर कोसळणारा ढग घाटमाथ्याची हद्द मानत नाही. जुलै २०२१ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे पाणी चढत होते त्याच दिवसांत, २२ तारखेला, वाशिष्ठीने चिपळूण बुडवले. सांगलीचा पूर चिपळूणच्या गळ्यात बांधणे याला नियोजन म्हणत नाहीत.

बहुउद्देशीय हा शब्द आपण किती सहज वापरतो! त्याचा भारतातला पहिला मोठा धडा दामोदर खोऱ्यात मिळाला. १९४३ च्या पुरानंतर ती योजना पुढे आली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोरे हा एकक मानून वीज, सिंचन आणि पूरनियंत्रण यांचा एकत्र विचार व्हावा यासाठी पुढाकार घेतला, आणि १९४८ साली अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर महामंडळ स्थापन झाले. मूळ आराखड्यात अधिक धरणे होती. तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चारच पहिल्या फळीत झाली. मैथन आणि पंचेतमध्ये पुरासाठी राखायच्या वरच्या पातळीपर्यंतची जमीनही पूर्णपणे संपादित झाली नाही. म्हणजे कागदावर पूरनियंत्रणाचे उद्दिष्ट पहिले आणि प्रत्यक्षात त्याची जागाच अपुरी. आजही पावसाळ्यात पश्चिम बंगाल सरकार महामंडळावर मानवनिर्मित पुराचा आरोप करते. सांगलीत ऐकू येणारीच भाषा, फक्त बंगालीत. ज्या टेनेसीची नक्कल केली तिथे मात्र एक गोष्ट आपण उचलली नाही. तिथल्या कायद्यातच क्रम लिहिलेला आहे: प्रवाहाचे नियमन प्रथम नौकानयन आणि पूरनियंत्रणासाठी, आणि त्याला बाधा न येता जमेल तेवढी वीज. पुढे या जलाशयांचे परिचालन बदलायचे ठरले तेव्हा २००४ साली पर्यायांचा अभ्यास लोकांपुढे ठेवून, त्यांच्या हरकती घेऊन मगच निर्णय झाला.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण तिथे आकडा असूनही भांडण झाले. १९७४ च्या पुरानंतर बांधलेल्या विव्हनहो धरणात पाणीपुरवठ्याच्या साठ्याहूनही मोठी जागा पुरासाठी राखलेली होती. अनेक वर्षांच्या भीषण दुष्काळानंतर २०११ च्या जानेवारीत प्रचंड पाऊस आला आणि शहर बुडाले. पाणी आधी सोडायला हवे होते का, यावर खटला चालला. २०१९ साली खालच्या न्यायालयाने धरण चालवणाऱ्यांना निष्काळजी ठरवले; २०२१ साली अपील न्यायालयाने धरणाच्या मुख्य चालक कंपनीविरुद्धचा निकाल फिरवला. तीच परिचालन पुस्तिका, तेच पावसाचे आकडे, आणि दोन न्यायालयांचे दोन निष्कर्ष. आकडा जाहीर केला की भांडण मिटते, असा माझा दावा नाही. दावा एवढाच की तिथे भांडायला पुस्तिका तरी होती. कोणत्या पातळीला काय करायचे ते लिहिलेले होते आणि ते पाळले की नाही हे न्यायालयात तपासता आले. आपल्याकडे महापूर झाला की समिती नेमली जाते, ती वर्षभराने अहवाल देते, आणि तोवर पुढचा पावसाळा दारात असतो. याला वरातीमागून घोडे म्हणतात.

शेवटचा आक्षेप राजकारणाचा. पर्याय लोकांपुढे ठेवले तर सांगलीचा आमदार एक आकडा मागेल, आटपाडीचा दुसरा, वीज कंपनी तिसरा, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे चालेल. त्यापेक्षा तज्ज्ञांच्या हाती आहे तेच बरे. या भीतीला अनुभवाचा आधार आहे. पण आज मोठ्या आवाजाचे चालत नाही असे का आपल्याला वाटते? वीज आणि सिंचन यांच्यामागे खाती आहेत, करार आहेत, कारखाने आहेत. बैठकीत त्यांची खुर्ची आधीपासून आहे. कुरुंदवाडच्या नदीकाठच्या वस्तीची खुर्ची तिथे नाही. बंद खोलीत राजकारण नसते, ही समजूत बंद खोलीबाहेरच्यांचीच असते. उघड निवडीत निदान हरणाऱ्याला कळते की तो हरला, किती टीएमसीने हरला आणि कोणापुढे हरला.

मग करायचे काय? मे महिन्याच्या आत जलसंपदा विभागाने मागच्या अनेक दशकांच्या येव्यावर प्रारूप चालवून एक साधा तक्ता मराठीत छापावा. १ ऑगस्टला कोयनेत पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस टीएमसी जागा ठेवली तर किती वर्षांत सांगलीची पातळी किती फुटांनी उतरली असती, किती वर्षांत धरण पुन्हा भरले नसते, किती युनिट आणि कालव्यातून शेतीला सोडायच्या पाण्याची किती आवर्तने गेली असती, हे त्यात असावे. वारणा आणि राधानगरीचेही तसेच, आणि तिन्हींचे एकत्रही. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि हो, रत्नागिरीच्याही लोकप्रतिनिधींनी त्यावर खुली चर्चा करावी आणि मंत्रिमंडळाने एक ओळ निवडून तिच्यावर सही करावी. त्याबरोबर भरपाईचा करार हवा, आणि माझ्या मते तो या सगळ्याचा कणा आहे. पुरासाठी जागा राखल्यामुळे एखाद्या वर्षी धरण भरले नाही, तर गेलेल्या विजेची आणि चुकलेल्या आवर्तनाची किंमत राज्याने आधीच ठरलेल्या दराने चुकती करावी. समजा दहा टीएमसी राखले, दर पाच वर्षांत एकदा ते भरून निघाले नाही, आणि पर्यायी वीज युनिटला पाच रुपयांनी घ्यावी लागली. तर त्या एका वर्षी दोनशे कोटी, म्हणजे सरासरीने वर्षाला चाळीस कोटी. हे आकडे माझे गृहीतक आहेत, खरे आकडे विभागाने काढावेत. पण तुलनेसाठी एवढे लक्षात ठेवावे की २०१९ च्या पुरानंतर राज्याने केंद्राकडे मागितलेली मदत ६,८१३ कोटी रुपयांची होती. रिकामी जागा तो सगळा पूर थांबवू शकली नसती. त्यातला काही भाग जरी वाचवता आला असता तरी व्यवहार बसतो की नाही, हे तो तक्ताच सांगेल. कदाचित बसत नाही असेही निघेल. मग नदीकाठची वस्ती हलवण्यावर आणि पूररेषा खरोखर पाळण्यावर पैसा घालावा, हा निष्कर्षही मला मान्य असेल.

आणि असा तक्ता हाती असेल तर अलमट्टीच्या वादातही महाराष्ट्राची बाजू आजच्याहून भक्कम होईल. ऑगस्टच्या मध्यापर्यंत अलमट्टीची पातळी अमुक मीटरच्या खाली ठेवा, अशी मागणी आपण दर वर्षी करतो. कर्नाटकाच्या दृष्टीने ती मागणी म्हणजे २९० मेगावॉटच्या वीजगृहाची आणि नारायणपूरच्या खालच्या, यादगीर-रायचूरकडच्या कालव्यांची जोखीम आहे. पाऊस थांबला तर त्यांचे धरण भरणार नाही. म्हणजे जी रिकामी जागा आपण अलमट्टीच्या अभियंत्याकडे मीटरमध्ये मागतो, तीच आपल्या कोयनानगरच्या अभियंत्याकडे टीएमसीत मागायला आपण आजवर तयार झालेलो नाही. कर्नाटकाने बैठकीत हा प्रश्न उलटा विचारला, तर आपल्या शिष्टमंडळाच्या फाइलमध्ये दाखवायला कोणता आकडा आहे?